सगळ्यांनी एक वाजता जेवायचं

मुलांनो, जरा डोळे मिटा. पूर्ण मिटू नका, नाहीतर पुढचं वाचणार कसं? अर्धे मिटा. आता समोर एक दुमजली हॉटेल आणा. बारा खोल्या, खाली काउंटर, काउंटरवर घंटी, मागे स्वयंपाकघर, त्याच्याही मागे एक लांबट हॉल आणि हॉलच्या टोकाला, आग लागली तर बाहेर पडायचं, लाल अक्षरांचं दार. आणलंत? आता काउंटरमागे मला उभं करा. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि छत्तीस वर्षं शाळा चालवलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतो तेवढा आत्मविश्वास. थोडा जास्त झाला तरी चालेल. तेव्हा तो जास्तच होता.

हॉटेल माझं नव्हे, माझ्या धाकट्या बहिणीचं. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि तिला हॉटेल पंधरा दिवस माझ्या हाती सोपवावं लागलं. 'लागलं' हा शब्द तिचा. दवाखान्यात जाताना ती गाडीतून डोकं बाहेर काढून म्हणाली, "दादा, मंगळवारी तपासणी आहे. परवाना तिच्यावरच आहे. तो अडकला की हॉटेल बंद आणि ती चौघं घरी. तू फक्त बसून राहा. काही बदलू नकोस."

"अगं, साडेआठशे मुलं सांभाळली आहेत मी."

"म्हणूनच सांगतेय," ती म्हणाली आणि काच वर केली.

ती चौघं म्हणजे हॉटेलची सगळी माणसं. आचारी, काउंटरवरची ताई, खोल्या आवरणाऱ्या मावशी आणि नळापासून बॉयलरपर्यंत सगळं दुरुस्त करणारे मिस्त्री. चौघं चार देशांतून आलेली. आचारी डोंगराळ मुलखातले, मावशी एका बेटावरच्या, ताई कुठल्याशा मोठ्या शहरातली, आणि मिस्त्री जिथले होते तिथे म्हणे मैल मैल माणूस दिसत नाही. सगळ्यांना समजेल अशी एक भाषा चौघांनाही येत होती, पण प्रत्येक जण ती आपापल्या चालीत बोलायचा. पाचवी मी सोबत नेली होती. माझी नात. वय वर्षं नऊ, अंगानं बारीक, बोलणं टोकदार; म्हणून घरात तिला टाचणी म्हणतात. तिला सुट्टी होती.

पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात एक गोष्ट आली आणि मी हळहळलो. ही चौघं एकत्र जेवत नव्हती! आचारी अकरा वाजता शेगडीशेजारी उभ्यानं जेवायचे. ताई बाराला काउंटरच्या आड ताटली ठेवून जेवायची. मावशी दोन वाजता चादरींच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायच्या. मिस्त्री तीन वाजता मागच्या अंगणात भिंतीकडे तोंड करून बसायचे. एका छपराखाली चार देश, आणि चारही एकमेकांकडे पाठ करून! शाळेत मी एकी या विषयावर वर्षाला निदान सहा भाषणं केली आहेत. सातवं करायची वेळ आली होती.

मी सगळ्यांना हॉलमध्ये उभं केलं. उंचीप्रमाणे. "उद्यापासून," मी म्हणालो, "एक टेबल, एक वेळ. सगळ्यांनी एक वाजता जेवायचं. कुणाला काही अडचण?"

आचाऱ्यांनी मान खाली घातली. मावशी गोड हसल्या. मिस्त्री छताकडे बघत राहिले. ताईनं वहीत काहीतरी लिहिलं. एकही प्रश्न नाही. ज्या वर्गात एकही प्रश्न येत नाही त्या वर्गाला काहीही समजलेलं नसतं, हे मी तरुण शिक्षकांना वर्षानुवर्षं सांगत आलो. पण ते त्यांच्या वर्गाबद्दल असायचं.

"आजोबा," टाचणी म्हणाली, "आत्याआजी म्हणाली होती काही बदलायचं नाही."

"हा बदल नाही. ही भर आहे."

"टेबल कुठे आहे पण?"

टेबल नव्हतं. इथून सगळं सुरू झालं.

हॉटेलला लागून एक औषधांचं दुकान होतं. त्याचे मालक औषधं कमी आणि सल्ले जास्त द्यायचे, आणि सल्ल्याला चिठ्ठी लागायची नाही. ते म्हणाले, "गोलच घ्या, सर. लांबट टेबलाला डोकं असतं, मग त्या जागी कोण बसणार यावरून रुसवेफुगवे. गोल टेबलाला डोकंच नाही." हे सांगताना ते माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले, असं मला वाटलं.

जुन्या सामानाच्या दुकानात एक गोल टेबल मिळालं. भक्कम, शिसवी, पाच फूट रुंद. ते पुढच्या दुहेरी दारातून आत आलं, काउंटरपुढून गेलं, आणि स्वयंपाकघराच्या दारापाशी अडून बसलं. मिस्त्रींनी ते उभं करून पाहिलं, तिरकं करून पाहिलं, शेवटी म्हणाले, "साहेब, दार मोठं करू की टेबल लहान?" दोन्ही नको म्हणून ते काउंटरशेजारच्या रुंद बोळातून मागच्या हॉलमध्ये नेऊन ठेवलं. तिथे ते छान बसलं. फक्त एक पाय आखूड निघाला. माझ्या खिशात कसलासा घडी केलेला कागद होता. तो मी पायाखाली सारला आणि टेबल शांत झालं.

औषधवाले बघायला आले, आणि त्यांनी टेबल सोडून मागचं लाल अक्षरांचं दार बघितलं. "सर, हे आगीचं दार ना? त्याच्या वाटेत काही ठेवायला परवानगी लागते. आणि तुमची तर मंगळवारी तपासणी."

दुसऱ्या दिवशी मी अग्निशमन कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनानं चष्म्यावरून बघत विचारलं, "टेबल कायमचं की तात्पुरतं?"

"कायमचं असेल तर?"

"मग नकाशा लागेल, नकाशावर शिक्का लागेल. शिक्का मारणारे रजेवर आहेत."

"तात्पुरतं असेल तर?"

"मग काही नको. पण ते तात्पुरतं आहे याचा पुरावा लागेल."

"टेबल तात्पुरतं असल्याचा पुरावा काय देणार?"

"सोपं आहे. एका माणसानं एका हातानं बाजूला केलं की तात्पुरतं."

शिसवी लाकडाचं पाच फुटी टेबल एका हातानं हलवणारा माणूस माझ्या ओळखीत नव्हता. मग मिस्त्रींनी तोडगा काढला. चाकं! त्यांनी चार पायांना चार चाकं लावली, आखूड पायाला जरा मोठं. आता टाचणीसुद्धा करंगळीनं टेबल सरकवू शकत होती. तेवढ्यात दवाखान्यातून बहिणीचा फोन आला.

"दादा, काही बदललंस का रे?"

"छे!"

"मग मागे गडगड कसली ऐकू येतेय?"

"पाऊस," मी म्हणालो. बाहेर लख्ख ऊन होतं. टाचणीनं माझ्याकडे असं पाहिलं की शाळेत कुणा मुलानं तसं पाहिलं असतं तर मी त्याच्या वडिलांना बोलावून घेतलं असतं.

चाकांमुळे एक नवीन गोष्ट कळली. हॉल धुतल्यावर पाणी बाहेर जावं म्हणून फरशीला दाराकडे किंचित उतार होता. इतका किंचित की डोळ्यांना दिसत नव्हता. टेबलाला मात्र बरोबर दिसत होता. मिस्त्रींनी चाकांपुढे चार विटा लावल्या.

शनिवारी आम्ही पहिल्यांदा एकत्र जेवलो. सूप, पाव, भात, उकडलेले बटाटे. मी एकीवर चार शब्द बोललो आणि म्हणालो, "चला, सुरू करा." आता नीट लक्ष द्या.

मावशींच्या बेटावर ताटात एक शीतही ठेवणं म्हणजे रांधणाऱ्याचा अपमान. त्यांनी ताट अगदी पुसून खाल्लं. आचाऱ्यांच्या डोंगरात रिकामं ताट म्हणजे पाहुणा अजून उपाशी असल्याची खूण. त्यांनी लगेच वाढलं. मावशींनी संपवलं. त्यांनी वाढलं. दोघंही एकमेकांचा मान राखत होती. चौथ्या वाढपाला मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, एकी पाहून आलं.

दुसऱ्या बाजूला ताई. तिच्या शहरात जेवताना गप्प बसणं म्हणजे भांडण. आणि मिस्त्रींच्या त्या निर्मनुष्य मुलखात खाता खाता बोलणं म्हणजे असभ्यपणा. ताईनं विचारलं, "मिस्त्री, तुमच्याकडे थंडी असते का हो?" मिस्त्रींनी चमचा खाली ठेवला, घास गिळला, तोंड पुसलं, म्हणाले, "असते." चमचा उचलला. "मग तुम्ही घर गरम कसं ठेवता?" चमचा खाली, घास, तोंड, "लाकडं." अशा अकरा प्रश्नांनंतर मिस्त्रींचं सूप गार झालं होतं आणि ताईचा चेहरा उतरला होता. "ते माझ्यावर रागावलेत," ती मला हळूच म्हणाली.

त्या दुपारी मावशींना वाकता येईना, तीन खोल्या तशाच राहिल्या. मिस्त्री उपाशीपोटी नळ पिळत होते. रविवारी तेच. सोमवारी तर आचाऱ्यांनी मावशींना तोंडावर विचारलं, "माझं रांधणं आवडत नाही का? तुम्ही जेवताना रडता." चौघं एकमेकांना टाळू लागली. एका टेबलाला एकत्र बसून माणसं इतकी लांब जातात, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हतं.

"आजोबा, मावशींचं पोट दुखतंय. तुम्हाला सांगू नको म्हणाल्यात."

"मग सांगतेस कशाला?"

"तुम्हाला नाही सांगत. खिडकीला सांगतेय."

"सवय व्हायला वेळ लागतो," मीही खिडकीलाच म्हणालो.

मंगळवार उजाडला. पत्रात तपासणीची वेळ दहा ते पाच होती. पावणेएकपर्यंत कुणी आलं नाही. औषधवाले म्हणाले, "सर, तपासणीचा माणूस जेवायच्या वेळेला कधी येत नाही. निर्धास्त बसा." मी निर्धास्त झालो. इतका, की टेबलाखाली विटा दिसल्या तर शोभणार नाही म्हणून त्या काढून टाकल्या. चाकं कुरकुरत होती, त्यांना तेलही घालायला लावलं.

"काउंटरवर कोण?" टाचणीनं विचारलं.

"पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे."

एक वाजून दोन मिनिटांनी सूप वाढलं. एक वाजून चार मिनिटांनी आचाऱ्यांना वाटलं आपली खुर्ची मागे राहिली, म्हणून त्यांनी ती पुढे ओढली. मग ताईनं ओढली. मग मी. कुणीच काही बोललं नाही. मी हॉटेलचा प्रमुख होतो, आणि टेबल चालायला लागलंय असं मोठ्यानं म्हणणं प्रमुखाला बरं दिसत नाही. आम्ही जेवत जेवत, खुर्च्या सरकवत सरकवत, टेबलामागे निघालो. मिस्त्रींना कळलं होतं, पण त्यांच्या तोंडात घास होता.

तिकडे पुढच्या दारी तपासनीस बाई आल्या. त्यांनी काउंटरवरची घंटी तीनदा वाजवली, कुणी आलं नाही, तेव्हा मागचं दार तरी बघू म्हणून त्या गल्लीतून वळून मागे आल्या. त्या दाराची तऱ्हा अशी की आतून आडव्या दांडीला धक्का लागला की ते बाहेर उघडतं. दांडीला टेबलाचा धक्का लागला. दार उघडलं. टेबल पाच फुटी, दार तीन फुटी; टेबल चौकटीत अडकलं.

सूप अडकलं नाही.

तपासनीस बाईंनी आधी फाईल झटकली, मग बूट, मग आमच्याकडे पाहिलं. आम्ही पाच जण चमचे हातात धरून चौकटीतून त्यांच्याकडे बघत होतो. टाचणी तेवढी उभी राहून "नमस्कार" म्हणाली.

"दार उत्तम चालतं," बाईंनी फाईलीत लिहिलं. मग म्हणाल्या, "पण या दारातून माणसं आधी बाहेर यायला हवीत. इथे सूप आधी आलं. आणि काउंटर रिकामं! वर एखाद्या पाहुण्याला चक्कर आली असती तर? गेल्या वर्षी मीच शेरा लिहिला होता, 'दिवसभरात केव्हाही या, माणूस जागेवर असतं.' त्या शेऱ्यावर परवाना दिला." त्यांनी घड्याळ पाहिलं. "मला आणखी एक हॉटेल बघायचंय. चार वाजता परत येते. तेव्हा हे गेल्या वर्षीसारखं दिसलं नाही, तर परवाना थांबेल. मग मला काही करता येणार नाही."

त्या गेल्या. हॉलमध्ये फक्त सूप ठिबकत होतं.

"त्या दिवशी मी अडचण विचारली होती," मी म्हणालो. माझा आवाज मलाच बारीक वाटला. "कुणी बोललं का नाही?"

मावशी हळूच म्हणाल्या, "सगळ्यांसमोर विचारलंत, साहेब. मोठ्या माणसाला चारचौघांत नाही कसं म्हणायचं?"

"आमच्याकडे एकट्यातही म्हणत नाहीत," आचारी म्हणाले.

"आमच्याकडे म्हणतात," मिस्त्री म्हणाले, "पण तिसऱ्यांदा विचारल्यावर. एकदाच विचारलं तर ते विचारणं नसतं, सांगणं असतं."

"मी तर लिहून दिलं होतं," ताई म्हणाली. "त्याच संध्याकाळी. तुम्ही खिशात ठेवलंत."

मिस्त्रींनी पाकिटातून एक चुरगळलेला, घडीवर घडी घातलेला कागद काढला. "आखूड पायाखाली होता. दुसऱ्याचं पत्र, म्हणून वाचलं नाही."

मी तो हॉलमध्ये उभा राहून वाचला. शाळेत पोरांच्या चिठ्ठ्या पकडून मोठ्यानं वाचायचो तसा नाही, मनात. ताईनं सुबक अक्षरात लिहिलं होतं. अकराला आचारी जेवतात तेव्हा शेगडीवर मावशी. बाराला मी जेवते तेव्हा आचारी काउंटरपाशी येऊन गप्पा मारतात, कारण एकटीला मला घास जात नाही. आणि घंटी वाजली तर तेच बघतात. दोनला मावशी दार लावून जेवतात, त्यांचं ताट आचारी आधीच मोजून भरतात, म्हणजे कुणाला वाढावं लागत नाही. तेवढा वेळ वरच्या मजल्याकडे मिस्त्री बघतात. तीनला मिस्त्री भिंतीकडे बसतात, तेव्हा आचारी बॉयलरचा काटा बघतात आणि अंगणात कुणी जात नाही. एक वाजता सगळे जेवले तर कोण काय बघणार, साहेब?

चौघं एकमेकांकडे पाठ करून जेवत नव्हती, मुलांनो. प्रत्येक जण आपापल्या देशात जाऊन जेवून येत होता आणि बाकीचे तोवर वेशीवर पहारा देत होते.

"हे कुणी ठरवलं?" मी विचारलं.

"कुणीच नाही," ताई म्हणाली. "ठरत गेलं."

दोन वाजायला आले होते. टेबल चौकटीत, तीन खोल्या आवरायच्या, फरशीवर सूप. माझा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला. कोणी काय करायचं याचा तक्ता करावा म्हणून. टाचणीनं पेनाचं टोपण लावून टाकलं. "थांबा," ती म्हणाली आणि आत गेली. स्वयंपाकघरात गेली, वर मावशींकडे जाऊन आली, काउंटरवर काहीतरी लिहून आणि लिहून घेऊन आली, आणि मिस्त्रींच्या मागे मागे फिरत तेच तीनदा विचारून आली.

"काय म्हणाले सगळे?"

"चौघंही एकच म्हणाले." ती जरा घुटमळली. "आजोबांना कुठेतरी बसवून ठेव."

साडेआठशे मुलं, मुलांनो! छत्तीस वर्षं! आणि मला काउंटरसमोरच्या, पाहुण्यांच्या सोफ्यावर नेऊन बसवण्यात आलं. हातात कालचं वर्तमानपत्र दिलं. मी ते उलटं धरलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

पण तिथून मला जे दिसलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. कुणी हुकूम देत नव्हतं. मिस्त्रींनी चाकं काढली, टेबल आडवं केलं आणि आचाऱ्यांच्या मदतीनं पुढच्या दारातून बाहेर काढून औषधवाल्यांच्या पायरीपाशी ठेवलं. ताई फोनवर बोलता बोलता उशांचे अभ्रे चढवत होती. मावशी जिन्यातून नुसतं वाकून बघायच्या आणि आचारी बादली भरून ठेवायचे. सोमवारी ज्यांना एकमेकांचं तोंड बघवत नव्हतं, त्यांचे हात मात्र जुन्या ओळखीनं चालत होते. साडेतीनला आचारी मावशींना म्हणाले, "उद्यापासून पूर्वीएवढंच भरतो." मावशी म्हणाल्या, "एक बटाटा जास्त चालेल." तेवढ्यात सगळं मिटलं.

बरोबर चारला तपासनीस बाई आल्या. घंटी वाजवायला हात उचलला तोच ताई समोर. वर गेल्या, मावशी समोर. स्वयंपाकघर, अंगण, लाल अक्षरांचं दार, सगळीकडे माणूस जागेवर. खाली येऊन त्यांनी फाईल उघडली, आणि त्यांची नजर सोफ्यावर गेली.

"दुपारी टेबलाशी होते ते हेच ना? हे कोण? यांचं काम काय?"

मी उठलो. खाकरलो. 'प्रभारी प्रमुख' हे शब्द ओठांवर आले होते. ताईनं वहीत तोंड घातलं. आचारी आपल्या पायांकडे बघू लागले. तपासनीस बाईंचं पेन शेऱ्याच्या रकान्यावर थांबलं होतं, आणि त्या रकान्यात सगळ्यांचं हॉटेल होतं.

"मी शिकायला आलोय," मी म्हणालो.

"कुणाकडे?"

"या चौघांकडे. पहिला आठवडा आहे. नापास झालोय, पण वर्ग सोडलेला नाही."

बाईंच्या ओठांचा एक कोपरा किंचित हलला. त्यांनी लिहिलं, शिक्का मारला, कागद ताईच्या हाती दिला. शेरा होता, 'गेल्या वर्षीप्रमाणे.' इतके सुंदर दोन शब्द मी एकाही प्रगतिपुस्तकात लिहिले नव्हते.

बहिणीला फोन करायला मी आत वळलो, तेव्हा मिस्त्री बॉयलरच्या खोलीच्या दारात उभे दिसले. तीनची त्यांची वेळ टळून गेली होती. दुपारच्या चार घासांवर होते ते. आचारी संध्याकाळच्या पाहुण्यांच्या तयारीत बुडालेले, काट्याकडे बघायला कुणी मोकळं नव्हतं, आणि मिस्त्री ते कुणाला सांगणारही नव्हते. मला काही सुचायच्या आत टाचणी स्वयंपाकघरातून त्यांचं झाकलेलं ताट घेऊन आली. एक शब्दही न बोलता ते त्यांच्या हातात दिलं. मग आतल्या लाकडी बाकावर काट्यासमोर जाऊन बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. "लाल रेघेपाशी आला की हाक मार. हात लावायचा नाही," ते म्हणाले, आणि ताट घेऊन अंगणात भिंतीकडे गेले.

मी दारात घुटमळलो. आत जावं की न जावं, कळेना. टाचणीनं काट्यावरची नजर काढली नाही. नुसती बाकावर एका बाजूला सरकली आणि माझ्यापुरती जागा केली.